'पास' या शब्दाची पायपीट

(बी. ए. भाग दोन)

आमच्या घरात इंग्रजी येणारे कुणी नाही. मी शिकते आहे तेवढेच. आबाजी चौथीपर्यंत गेले, बाबांनी सातवीत शाळा सोडून बांधीत पाय ठेवला आणि आईची ओळख अक्षरांपेक्षा धानाच्या रोपांशी अधिक. तरीसुद्धा दिवसाकाठी वीस-पंचवीस इंग्रजी शब्द आमच्या ओसरीवर सहज बोलले जातात. लाइट जाते, मोटार बंद पडते, रेशनच्या दुकानात नंबर लागतो, गाडीचा टाइम होतो. हे शब्द इंग्रजी आहेत असे आईला सांगितले तर ती हसून म्हणेल, "मंग मले इंग्रजी येते म्हन ना!"

या सगळ्या शब्दांत एक शब्द असा आहे की ज्याने आमच्या तीन पिढ्यांना हसवलेही आणि धास्तीही घातली. तो शब्द म्हणजे 'पास'. अक्षरे दोन, पण त्याचा संसार केवढा! पोर परीक्षेत पास होते. एसटीचा पास निघतो. बँकेत पासबुक असते, मोबाईलला पासवर्ड असतो. गाडीचे पासिंग होते. आमच्याकडे 'एमएच ३४ पासिंग' म्हटले की गाडी चंद्रपूरची आणि '३३ पासिंग' म्हटले की गडचिरोलीची, हे लहान मुलालाही कळते. रिकाम्या वेळी टाइमपास होतो. शहराबाहेरून बायपास जातो आणि म्हाताऱ्याच्या हृदयाचीही बायपास होते. एवढी कामे करणारा गडी आमच्या गावात दुसरा नाही.

हा गडी आला तरी कुठून, याची उत्सुकता मला इंग्रजीच्या तासाला लागली. इंग्रजी भाषेतील शब्दांचा मोठा भाग लॅटिन आणि फ्रेंच या भाषांतून आलेला आहे, असे सर सांगत होते. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर बराच काळ तिथल्या दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच होती. राज्यकर्त्यांचे शब्द प्रजेच्या तोंडी बसतात. आपल्याकडे 'तहसील' आणि 'जिल्हा' बसले तसेच. तास संपल्यावर मी ग्रंथालयात जाऊन तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश मागितला. कोश उघडायला दोन हात लागले, पण 'पास' सापडला.

त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'पासुस' या शब्दात आहे. पासुस म्हणजे पाऊल. पाय फाकवून पुढे टाकला की पडते ते पाऊल, म्हणून 'पसरणे' या अर्थाच्या धातूपासून तो शब्द झाला. त्यावरून चालणे, पुढे जाणे, ओलांडणे असा अर्थ घेऊन तो फ्रेंचमध्ये 'पासे' झाला आणि तिथून इंग्रजीत 'पास'. म्हणजे परीक्षेत पास होणारा विद्यार्थी मुळात पाऊल टाकून पुढे गेलेला माणूस आहे.

एकदा हे पाऊल दिसले की मग ते जागोजागी दिसू लागते. रोमन सैनिक रस्त्याचे अंतर पावलांनी मोजत. डावे आणि उजवे मिळून ते एक पासुस धरीत आणि असे एक हजार पासुस झाले की त्यांचा एक मैल होई. लॅटिनमध्ये हजाराला 'मिल्ले' म्हणतात. आपला 'मैल' हा शब्द त्या हजारातून निघाला. रोमन मैल सुमारे १४८० मीटरांचा होता. आमचे गाव ब्रह्मपुरीपासून २२ किलोमीटर. रोमन हिशेबाने ते अंतर सुमारे १५ हजार पासुस भरते. शाळेत पहिल्यांदा घेतलेली कंपासपेटी आठवते ना? त्या 'कंपास'मध्येही बहुधा हेच पाऊल आहे; पावलांनी मोजून काढणे असा त्याचा जुना अर्थ सांगतात. व्याकरणातला पास्ट टेन्स म्हणजे पाऊल टाकून मागे पडलेला काळ. आणि गोंदियाहून बल्लारशहाकडे जाणारी, ब्रह्मपुरीला थांबणारी ती आपली पॅसेंजर! जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द 'पासाजे' असा होता. त्यातला 'न' इंग्रजांनी बोलता बोलता मध्येच घुसवला. त्यांच्या तोंडी शब्द बदलतात तेव्हा त्याला भाषेचा इतिहास म्हणतात आणि आमची झाडीबोली 'ळ'चा 'र' करते तेव्हा लोक गावंढळ म्हणतात, हे मात्र मला पटत नाही.

आता कुणी म्हणेल, 'पास' आपल्याकडे आधीपासून होताच की! खरे आहे. 'जवळपास', 'आसपास', 'पासून', 'पाशी' हे आपले शब्द. त्यांचा वंश वेगळा. ते संस्कृतातल्या 'पार्श्व' म्हणजे बाजू या शब्दापासून आलेले. दुसरा एक नातलगासारखा दिसणारा शब्द 'पाश' म्हणजे दोरीचा फासा. इंग्रजी 'पास' पुढे नेतो, मराठी 'पास' जवळ ठेवतो आणि 'पाश' बांधून टाकतो. तिघांचे रक्ताचे नाते काही नाही, पण आमच्या घरात मात्र तिघेही एकाच चुलीजवळ बसतात. पास झालेली मुलगी पुढे जावी, पण जवळपास राहावी, असे आईला वाटते; आणि मायेचा पाश तर असतोच.

मराठीने या शब्दावर आणखी एक करामत केली. 'नाराज', 'नापसंत', 'नालायक' या शब्दांत जो फारसी 'ना' आहे, तो तिने इंग्रजी 'पास'च्या गळ्यात बांधला आणि 'नापास' हा शब्द तयार केला. इंग्रजांच्या कोशात तो मिळायचा नाही. फारसी डोके आणि इंग्रजी धड असलेला हा शब्द पुरता मराठी आहे. त्याचा धाकही पुरता मराठी आहे. शंभरात पस्तीस या एका आकड्याच्या अलीकडे 'नापास' आणि पलीकडे 'पास'. गावात आजही माणसाची ओळख 'दहावी पास', 'बारावी नापास' अशीच करून देतात. जणू ते त्याचे आडनाव.

मी गावातल्या शाळेतून निघून पुढे ब्रह्मपुरीला शिकायला येऊ लागले, ते एसटीच्या पासावर. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची एक योजना आहे. तिच्यामुळे खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत मिळतो. आधी ही सवलत दहावीपर्यंत होती, नंतर ती बारावीपर्यंत झाली. ही योजना नसती तर मी आठवीनंतर गावातच राहिले असते, यात मला शंका नाही. पहाटे उठून आईबरोबर भांडी-पाणी करायचे, सातच्या गाडीला उभे राहायचे आणि वाहकाने विचारायच्या आत पास दाखवायचा. त्या पासावर माझा फोटो होता. आमच्या घरात पासपोर्ट कुणाकडेच नाही, 'पासपोर्ट साइज' फोटो मात्र सगळ्यांचे आहेत.

बारावीचा निकाल लागला. मी पास झाले. गावात पेढे वाटले, आबाजींच्या फोटोला हार घातला. आणि रात्री जेवणे झाल्यावर आई हळूच म्हणाली, "पास झाली त बरं झालं माय, पन आता पासाचे पैसे?" त्या वेळी मला शब्दाची गंमत सुचली नाही. बारावी पास झाले आणि माझा पास गेला! एका पासाने दार उघडले आणि दुसऱ्या पासाने ओढून घेतले. महाविद्यालयातल्या मुलामुलींना एसटीचा पास मिळतो, पण त्याला पैसे पडतात. भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिसरा हिस्सा आपण भरायचा. शहरातल्या माणसाला तो तिसरा हिस्सा फार वाटणार नाही. पण ज्या घरात वर्षाचे नगद पैसे धान विकल्यावर एकदा आणि तेंदूपत्ता तोडल्यावर एकदा येतात, तिथे दर महिन्याचा ठरलेला खर्च म्हणजे घरात एक जास्तीचा जेवणारा. माझ्याबरोबर बारावी झालेल्या गावातल्या मुली होत्या चार. त्यांतल्या दोघींचे शिक्षण त्या जूनमध्येच थांबले. त्या माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हत्या. एकीचे गणित तर माझ्याहून चांगले होते. निकालपत्रावर चौघीही 'पास'च आहेत.

माझा पास निघाला तो आईच्या रोवण्याच्या मजुरीतून. आषाढाच्या पावसात कंबर वाकवून चिखलात एकेक रोप लावत मागे मागे सरकायचे, हे रोवण्याचे काम. पुढे जाण्याच्या त्या लॅटिन शब्दासाठी माझी आई महिनाभर मागे मागे पावले टाकत होती, हे मला शब्दकोश वाचताना उमगले आणि कोश मिटून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

आता आबाजींची गोष्ट. ती आमच्या घरी शंभरदा सांगून झाली आहे. आबाजी तरुण असताना घराचे छप्पर शाकारायला बैलगाडीत बांबू घालून येत होते. वाटेत एका नाक्यावर गाडी अडवली. अंगावर खाकी असलेल्या माणसाने विचारले, "पास हाय का?" आबाजी हात जोडून म्हणाले, "नाही जी, चौथी नापास!" तो माणूस हसला की रागावला, हे आबाजी प्रत्येक वेळी वेगळे सांगत. बांबू मात्र नाक्यावरच राहिले आणि गाडी रिकामी घरी आली. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता, की कळूनही त्यांनी तसे उत्तर दिले, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. लहानपणी मी या गोष्टीला पोट धरून हसत असे. आता तिचा दुसरा अर्धा भागही मला दिसतो. त्या पावसाळ्यात आमचे घर गळत होते.

नाक्यावर विचारलेला तो पास म्हणजे वाहतूक परवाना. भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे वनातला माल अधिकाऱ्याच्या पासाशिवाय हलवण्यास बंदी करणारे नियम सरकार करू शकते. त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये राखीव वनात शिरणे, गुरे चारणे यांसाठी एक इंग्रजी शब्द आहे, 'ट्रेसपास'. कोश पाहिला तर इथेही तेच पाऊल! 'ट्रेस' म्हणजे पलीकडे. पलीकडे टाकलेले पाऊल म्हणजे ट्रेसपास. एकाच पोटी जन्मलेली ही दोन भावंडे. पास म्हणजे मुभा घेऊन टाकलेले पाऊल, ट्रेसपास म्हणजे मुभा नसताना टाकलेले. मुभा द्यायची कुणी, एवढाच काय तो फरक. माणसाच्या तर सोडाच, गुरांच्या पावलांसाठीही १८७१ सालचा वेगळा कायदा आहे. त्याच्या नावातच 'ट्रेसपास' आहे आणि गावोगावचे कोंडवाडे त्याच कायद्याचे. ढोराला सीमा कळत नाही, त्याला गवत कळते. दंड मात्र मालकाला भरावा लागतो.

जुन्या फ्रेंचमध्ये 'ट्रेसपास'चा एक अर्थ मरणे असाही होता. या लोकातून पलीकडे पाऊल टाकणे. आपणही कुणी वारले की 'गेले' म्हणतो. आबाजी गेले तेव्हा त्यांना कुणी नाक्यावर अडवले नसावे.

बांबूची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे एक गवत आहे. पण १९२७ च्या कायद्याने 'झाड' या व्याख्येत बांबू घातला होता. २०१७ साली दुरुस्ती होऊन त्या व्याख्येतून बांबू काढला गेला आणि वनाबाहेरच्या जमिनीवर लावलेला बांबू त्या कायद्यापुरता मोकळा झाला. म्हणजे नव्वद वर्षे एक गवत सरकारदरबारी झाड होते. शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाकडे आहे, यावर माणसाचे छप्पर अवलंबून असते, हे आबाजींना शब्दकोशाशिवाय कळले होते.

हाच अधिकार एका लहान गावाने मागून घेतला, तेही आमच्यापासून फार लांब नाही. वडशाच्या अलीकडे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत तोही चांदा जिल्ह्याचाच भाग होता. त्या जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपजात धरले होते. तेव्हा बांबू गावाचा झाला. पण तो गावाबाहेर न्यायचा तर पास हवा, आणि पासाचे पुस्तक वनखात्याकडे! हक्क होता, पण त्याला पाऊल नव्हते. यावर गावाने चर्चा केली, पत्रे लिहिली, वाट पाहिली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि त्यांनी ते पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, वनहक्काच्या नियमांतच दुरुस्ती झाली आणि गौण वनोपजाचे असे परवाने ग्रामसभेची समिती किंवा तिने नेमलेली व्यक्ती देईल, असे ठरले.

मी ती हकिकत प्रथम वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मंत्री आला नाही, मंडप आला नाही. आबाजींची ती रिकामी बैलगाडी आली. ज्या पुस्तकातले एक पान त्यांच्याजवळ नव्हते म्हणून बांबू नाक्यावर राहिले, तसले अख्खे पुस्तक त्यांच्यासारख्याच अर्धवट शिकलेल्या माणसांनी स्वतःच्या गावात आणून ठेवले. आता तिथला माणूसच तिथल्या माणसाला पास लिहून देतो. पास तोच, कागद तसाच. सही करणारा हात मात्र बदलला.

शब्दांच्या या नादात एक शेवटची गोष्ट हाती लागली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. 'पास'ला शुद्ध मराठीत आपण 'उत्तीर्ण' म्हणतो. निकालपत्रावर तो शब्द फार रुबाबात बसलेला असतो. त्याचा धातू संस्कृतातला 'तॄ', म्हणजे तरणे, पार जाणे. जो नदी तरून पलीकडच्या काठावर निघाला तो उत्तीर्ण. 'तीर्थ' हा शब्दही त्याच धातूचा. तीर्थ म्हणजे मुळात नदी उतरण्याची जागा. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला तीर्थ म्हणतात ते अशा दोन्ही अर्थांनी शोभते. आणि याच धातूचा तिसरा शब्द आमच्या झाडीतल्या शेतकऱ्याला अगदी जवळचा आहे. तो म्हणजे 'निस्तार'. जुन्या मध्य प्रांतापासून आमच्याकडे गावकऱ्यांना घरच्या गरजेपुरते जळतण, बांबू, गवत जंगलातून आणण्याचे जे हक्क असत, त्यांना निस्तार हक्क म्हणतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही 'निस्तार पत्रक' आहे. निस्तार म्हणजे निभावून पार पडणे, सुटका होणे.

इंग्रजीत परीक्षेचा पास आणि जंगलातला ट्रेसपास ही एका घरची भावंडे. आपल्या भाषेत परीक्षेतले 'उत्तीर्ण' आणि जंगलातले 'निस्तार' ही एका घरची भावंडे. हा योगायोग असेलही. पण आमच्यासारख्यांच्या घरात शाळा आणि जंगल ही दोन खरोखरच लांबची गावे नाहीत. मार्च-एप्रिलात परीक्षा आणि मोहफुलांचा हंगाम एकाच वेळी येतो. पहाटे आई मोहफुले वेचायला निघते, आणि ब्रह्मपुरीच्या या जंगलात वाघ आहेत म्हणून ती घरी येईपर्यंत पुस्तकातल्या ओळी डोळ्यांपुढून सरकतात, डोक्यात शिरत नाहीत. तिचा निस्तार झाला तर मी उत्तीर्ण होणार, असा आमचा हिशेब आहे. तो कुठल्याही निकालपत्रावर छापलेला नसतो.

बी. ए. झाल्यावर काय, असे मला गावात रोज कुणी ना कुणी विचारते. 'बी. ए. पास' ही काही आता नोकरीची हमी राहिलेली नाही, हे मलाही कळते आणि विचारणाऱ्यालाही. पूर्वी सातवी पास माणूस मास्तर होई; आता एम. ए. झालेली मुलेही भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसतात. मला शिक्षिका व्हायचे आहे. होईन की नाही, ठाऊक नाही. पण नाक्यावरचा माणूस पास मागतो तेव्हा तो कोणत्या कायद्याचे कोणते कलम बोलतो आहे, हे वाचून समजावून सांगणारे आमच्या घरात आता एक माणूस आहे. आबाजींच्या वेळी ते नव्हते.

माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. तिचा मोफत पास या परीक्षेबरोबर संपेल आणि जूनमध्ये आमच्या घरात दोन पासांचे पैसे लागतील. यावर घरात कुणी काही बोलत नव्हते. मी मनात आकडे मांडत होते. यंदा सुट्टीत तेंदूपत्ता तोडायला आणि पावसाळ्यात रोवण्याला आईबरोबर जायचे, असे माझे ठरले होते. मागच्या आठवड्यात बाबा धान विकून ब्रह्मपुरीहून परतले. पिशवीतून त्यांनी बी-बियाण्याची पावती काढली, तेलाची बाटली काढली आणि एक लहानसे पाकीट बहिणीच्या हातात दिले. त्यात तिचे आठ फोटो होते, पासपोर्ट साइजचे. शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो नेऊन त्यांनी त्याच्या प्रती काढून आणल्या होत्या.

"कायले?" आईने विचारले.

"लागते ना पासाले," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेले.

तिचा निकाल अजून लागायचा आहे.